शेंडेनक्षत्र

२०२४ सालचा दसरा १२ ऑक्टोबरला झाला. त्यानंतरचे दोन-तीन दिवस आमच्या रात्रीच्या वर्गात एकच बोलणे चालले होते. कुणाच्या तरी मुलाने मोबाइलवर एक चित्र दाखवले होते. मावळतीच्या आभाळात एक तारा आणि त्याला लांब शेपूट. खाली लिहिले होते, 'धूमकेतू'. वर्गातल्या सगळ्यांनी तो शब्द अक्षर लावून वाचला. धू, म, के, तू. धूम म्हणजे धूर आणि केतू म्हणजे निशाण. धुराचे निशाण असा त्याचा अर्थ. आपली जुनी माणसे त्याला शेंडेनक्षत्र म्हणतात. शेंडी असलेले नक्षत्र, म्हणून शेंडेनक्षत्र.

वर्गात एक आजी येतात. वय सत्तरीच्या पुढे. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे काही बरं नाही. शेंडेनक्षत्र निघालं म्हणजे राजा मरतो, नाही तर दुष्काळ पडतो. माझे सासरे सांगायचे."

बोलणे एवढ्यावर थांबले असते तर ठीक होते. पण आजींच्या नातीचा साखरपुडा ठरला होता. दिवाळीनंतरचा दिवस धरला होता. कापड घेऊन झाले होते. मंडपवाल्याला इसार दिला होता. आजींनी घरात सांगितले, साखरपुडा पुढे ढकला. मुलाकडच्यांना काय सांगायचे, ह्या काळजीत मुलीचा बाप पडला. त्यात एका जाणत्याने उतारा सांगितला. उताऱ्याला एक बकरा आणि वर दोन हजार रुपये लागणार होते. बाप म्हणाला, "कापूस अजून घरात यायचा आहे. पैसे कुठून काढू?"

आम्ही म्हणालो, "आजी, आधी ते नक्षत्र आपण पाहू तरी. न पाहताच भ्यायचे कशाला?" आजी तयार झाल्या.

पण पाहणे तितके सोपे नव्हते. परतीचा पाऊस रेंगाळला होता. १४ तारखेला ढग. १५ तारखेला ढग. १६ तारखेला कोजागिरी. आभाळ थोडे उघडले, पण चंद्र असा लखलखीत की बारीक तारेसुद्धा दिसेनात. चांदण्यात दूध प्यायला बरे, धूमकेतू पाहायला वाईट. मग त्या चार-पाच रात्री आम्ही अंगणात बसून बोललो. जे बोललो तेच येथे लिहीत आहोत.

धूमकेतू म्हणजे काय? गारपीट आपण सर्वांनी पाहिली आहे. शेतात पडलेली गार उचलली तर तिला माती चिकटलेली असते. धूमकेतू म्हणजे माती, दगड, धूळ आणि बर्फ ह्यांचा तसाच एक मोठा गोळा. मोठा म्हणजे केवढा? हॅले नावाचा धूमकेतू लांबीला सुमारे १५ किलोमीटर आहे. एखादी टेकडी आभाळात फिरते आहे असे समजा. हा गोळा सूर्यापासून फार दूर, गारठ्यात असतो. तिथे त्याला शेंडी नसते आणि तो दिसतही नाही. फिरत फिरत सूर्याच्या जवळ आला की तापतो. बर्फाची वाफ होते. वाफेबरोबर धूळ सुटते. त्या वाफेचे आणि धुळीचे मोठे वलय गोळ्याभोवती तयार होते. ते म्हणजे धूमकेतूचे डोके.

मग शेंडी कशी होते? खळ्यावर उफणणी करताना काय होते ते आठवा. वाऱ्याला पाठ देऊन आपण पाटी धरतो. जड दाणा खाली पडतो, हलका भुसा वाऱ्याबरोबर लांब जातो. वारा जिकडून येतो त्याच्या उलट बाजूला भुशाची रांग लागते. सूर्याकडूनही सारखा एक झोत बाहेर येत असतो. उजेडाचाही बारीक कणांवर दाब पडतो. त्यामुळे धूमकेतूची धूळ आणि वायू सूर्याच्या उलट बाजूला लोटले जातात. म्हणून शेंडी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. धूमकेतू सूर्याकडे जात असेल तर शेंडी मागे. सूर्याला वळसा घालून परत निघाला की शेंडी पुढे आणि डोके मागे! बैल मागे आणि शेपूट पुढे, असा प्रकार. ही शेंडी लाखो किलोमीटर लांब असते, पण इतकी विरळ की तिच्यातून पलीकडचे तारे दिसतात.

एका भावाने विचारले, "मग तो पळताना का दिसत नाही? मी तर सुर्रकन गेलेला पाहिला आहे." ते निराळे. सुर्रकन जाते ती उल्का. वाळूच्या कणाएवढा किंवा खड्याएवढा तुकडा आपल्या हवेत शिरून जळतो, ती उल्का. क्षणात खलास. धूमकेतू फार दूर असतो. आज शुक्राच्या चांदणीशेजारी दिसला तर उद्या थोडा सरकलेला दिसेल. एका रात्रीत तो इतर ताऱ्यांबरोबर मावळतो किंवा उगवतो. २०२४ साली आलेला धूमकेतू आपल्या सर्वांत जवळ होता तो १२ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्यालाच. तेव्हासुद्धा तो सुमारे ७ कोटी किलोमीटर दूर होता. चंद्र आपल्यापासून जितका दूर, त्याच्या सुमारे १८० पट. त्याचे नाव मोठे अवघड आहे, त्सुचिनशान–अ‍ॅटलास. चीन देशात एक वेधशाळा आहे. वेधशाळा म्हणजे तारे पाहण्याची जागा. तिचे नाव 'जांभळा डोंगर'. चिनी भाषेत त्सुचिनशान म्हणजे तोच जांभळा डोंगर. तिथे आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास नावाच्या दुर्बिणीने तो २०२३ साली टिपला, म्हणून हे जोडनाव.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. राजा मरतो का? १९१० साली मे महिन्यात हॅलेचा धूमकेतू आला होता. त्याच महिन्याच्या ६ तारखेला इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड वारला. लोक म्हणाले, पाहा, धूमकेतूने राजाला नेले. पण राजा आधीपासून छातीच्या दुखण्याने आजारी होता आणि चिरूट फार ओढत असे, ते कुणी बोलले नाही. त्याच साली पृथ्वी धूमकेतूच्या शेंडीतून जाणार, असे गणित निघाले. शेंडीत विषारी वायू आहे अशी बातमी पसरली. अमेरिकेत तर धूमकेतूवर उतारा म्हणून गोळ्या विकल्या गेल्या. शिकलेल्या, सुटाबुटातल्या लोकांनी त्या विकत घेतल्या. तेव्हा उतारे फक्त आपल्याच गावात निघतात असे नाही! १९ मेच्या सुमारास पृथ्वी शेंडीजवळून गेली. काही झाले नाही. गोळ्या विकणाऱ्यांना मात्र पैसे मिळाले.

दुष्काळाचे पाहू. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रात कोण विसरेल? खडी फोडायला गेलेली माणसे आमच्या वर्गात आहेत. त्या साली डोळ्यांना ठळक दिसेल असा कोणताही मोठा धूमकेतू आला नव्हता. १९६५ साली देशात पाऊस कमी झाला आणि त्याच साली मोठा धूमकेतूही आला, हे खरे. इथे आजी म्हणतील, बघा! पण तारखा पाहा. तो धूमकेतू सापडला १८ सप्टेंबरला आणि झळकला ऑक्टोबरात. पाऊस तर त्याच्या आधीच्या महिन्यांत कमी पडला होता. चोरी आषाढात झाली आणि माणूस गावात आला भाद्रपदात, तर त्याला चोर कसे म्हणावे? आता १९९७ साल घ्या. त्या साली हेल-बॉप नावाचा धूमकेतू मार्च-एप्रिलमध्ये रोज संध्याकाळी वायव्येला दिसत होता. आमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला आहे. त्या साली देशात पाऊस सरासरीइतका झाला.

आजी मध्येच म्हणाल्या, "तो मीही पाहिला होता. ओट्यावरून दिसायचा."

"मग आजी, त्या साली तुमच्या घरी काय झालं?"

आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांची सून हसून म्हणाली, "त्याच चैत्रात थोरला झाला." सगळा वर्ग हसला. आजीही हसल्या, पण म्हणाल्या, "एकदा चुकला असेल." आम्ही म्हटले, असू द्या. हट्टाने प्रश्न विचारणारा विद्यार्थी आम्हाला आवडतो.

धूमकेतू वेळेवर परत येतात, हे कुणी शोधले? इंग्लंडात एडमंड हॅले नावाचे विद्वान होते. त्यांनी १६८२ साली एक धूमकेतू पाहिला. जुनी टिपणे काढून पाहिली तर १५३१ आणि १६०७ साली आलेले धूमकेतूही त्याच वाटेने गेले होते. मध्ये अंतर ७५–७६ वर्षांचे. हॅले म्हणाले, हे तीन नाहीत, हा एकच पाहुणा आहे. तो १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल. स्वतः हॅले त्याच्या आधीच, १७४२ साली वारले.

१७५८ साल उजाडले. फ्रान्स देशात तीन माणसे महिनोन्‌महिने आकडेमोड करीत बसली. त्यांत निकोल-रेन लपोत नावाची एक बाई होती. गुरू आणि शनी हे मोठे ग्रह धूमकेतूला ओढून उशीर करतील, किती उशीर करतील, त्याचे हे गणित होते. तो सूर्याजवळ १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास पोचेल, महिनाभर इकडेतिकडे होईल, असे उत्तर आले. तो पोचला १३ मार्चला. ७६ वर्षांच्या हिशेबात चूक एका महिन्याची.

पण सर्वांच्या आधी तो दिसला कुणाला? पॅरिस शहरात मेसिए नावाचे नामांकित निरीक्षक वर्षाहून अधिक काळ दुर्बीण लावून बसले होते. त्यांच्या हाती दिलेला नकाशा थोडा चुकीचा होता. त्यांना धूमकेतू जानेवारी १७५९ मध्ये सापडला. त्याच्या जवळजवळ एक महिना आधी, २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराजवळच्या प्रोहलिस नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याने तो पाहिला होता. त्याचे नाव योहान पालित्श. नांगर धरणारा माणूस. शेती सांभाळून, मिळतील ती पुस्तके वाचून तो आपला आपण शिकला होता. त्या नाताळच्या रात्री त्याने आपली दुर्बीण मीन राशीकडे लावली आणि जिथे पूर्वी काही नव्हते तिथे एक पुसट धब्बा पाहिला. आधीचे आभाळ त्याला पाठ होते, म्हणूनच नवा धब्बा लगेच कळला. आपल्या वाड्यात परके ढोर शिरले तर आपल्याला ओळखता येत नाही का? तसेच.

हे आम्ही सांगितले तेव्हा मागे बसलेला एक भाऊ म्हणाला, "शेतकऱ्याला आभाळ ठाऊक असणारच." त्याचे म्हणणे खरे आहे. पंपाला वीज पुष्कळदा रात्रीची मिळते. पाणी भरायला गेलेला माणूस मृगाचे तिकांडे कुठवर आले ते पाहून वेळ ओळखतो. सप्तर्षींना कुणी बाज म्हणतो, तिचे चार खूर कुठे आहेत ते त्याला ठाऊक असते. सातपुड्यातल्या पाड्यांवर, तोरणमाळच्या माथ्यावर जसे काळे आभाळ मिळते तसे मुंबई-पुण्याच्या लोकांना पैसे देऊन मिळत नाही. ते लोक त्यासाठी रात्री शहर सोडून गावांकडे जातात.

हो, असे लोक आहेत. त्यांचा धंदा दुसराच असतो. कुणी शिक्षक, कुणी कारकून, कुणी विद्यार्थी. आभाळ पाहणे ही त्यांची हौस. पुण्यात १९४४ साली अशा लोकांनी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली, ती अजून चालते. इथे ज्योतिर्विद्या म्हणजे कुंडली पाहणे नव्हे, ताऱ्यांचा अभ्यास. १९८५ साली हॅलेचा धूमकेतू परत येण्याच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ निघाले. जगात कितीतरी धूमकेतू अशाच हौशी लोकांनी शोधले आहेत. वर १९६५ चा धूमकेतू सांगितला, तो जपानमधल्या दोघांनी शोधला. एकाचे नाव इकेया, दुसऱ्याचे सेकी. इकेया पियानो नावाची वाद्ये बनवणाऱ्या कारखान्यात कामाला असलेला तरुण. सेकी गिटार वाजवायला शिकवणारे मास्तर. दोघांनी आपापल्या गावातून एकाच पहाटे, काही मिनिटांच्या अंतराने तो पाहिला. म्हणून नाव पडले इकेया–सेकी.

इकेयाने आपली दुर्बीण स्वतः बनवली होती. ते कसे करतात हे ऐकून आमच्या बायकांना फार नवल वाटले, कारण ते काम जात्यासारखेच आहे. काचेच्या दोन जाड तबकड्या घेतात. एक खाली पक्की बसवतात. तिच्यावर पाणी आणि एक कणखर दाणेदार पूड टाकतात. वर दुसरी तबकडी ठेवून पुढेमागे घासतात, आणि मधूनमधून फिरवत राहतात. होता होता वरची काच मध्ये खोलगट होते आणि खालची फुगीर. मग अधिक बारीक पूड, मग त्याहून बारीक. शेवटी चकाकी आणतात आणि चांदीसारखा मुलामा देतात. झाला दुर्बिणीचा आरसा. तो तारकांचा उजेड गोळा करून एका ठिकाणी आणतो. कितीतरी तास घासावे लागते. हात भरून येतात. पुण्याच्या आयुका ह्या संस्थेत विद्यार्थी आणि शिक्षक असे आरसे घासायला शिकले आहेत.

आमच्याकडे मोठी दुर्बीण नव्हती. दोन डोळ्यांनी पाहायची एक द्विनेत्री होती. तिच्यावर '१० × ५०' असे आकडे आहेत. पहिला आकडा म्हणजे वस्तू दहा पट जवळ आल्यासारखी दिसते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी ५० मिलिमीटर. अंधारात आपल्या डोळ्यातली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. म्हणजे हे भिंग डोळ्याच्या सुमारे पन्नास पट उजेड गोळा करते. धूमकेतू पाहायला अशी द्विनेत्री पुष्कळदा मोठ्या दुर्बिणीहून बरी पडते, कारण तिच्यात आभाळाचा मोठा तुकडा एकदम दिसतो आणि शेंडी मावते.

एक गोष्ट मात्र ठळक लिहितो. धूमकेतू पुष्कळदा सूर्याजवळ असतो. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय द्विनेत्री डोळ्याला लावू नका. चुकून सूर्य दिसला तर डोळा जातो. पोरांच्या हाती दिवसा ती देऊच नका.

२० ऑक्टोबरला रविवार होता. ढग गेले. चंद्र आता उशिरा, साडेआठच्या सुमारास उगवणार होता. सव्वासातपासून तासभर चांगला अंधार मिळणार. आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. पंधरा-वीस माणसे. मोबाइल खिशात ठेवायला सांगितले, कारण उजेड पाहिला की डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे जातात. हात हलतो म्हणून द्विनेत्री धरायला कोपरे बाजेच्या गातीवर टेकवली. नैऋत्येला शुक्र चमकत होता. त्याच्या वर, थोडे उजवीकडे पाहायचे.

नुसत्या डोळ्यांना एक पुसट रेघ दिसली. कुणी म्हणाले, ढगाची फांदी आहे. द्विनेत्रीतून मात्र डोके स्पष्ट, आणि वर गेलेली शेंडी. सूर्य खाली मावळला होता, म्हणून शेंडी वर. मोबाइलमधल्या चित्रात होता तेवढा झगमगीत तो नव्हता. काही पोरे खट्टू झाली. चित्र काढताना कॅमेरा कितीतरी वेळ उजेड साठवतो, आपला डोळा साठवत नाही, हे त्यांना सांगितले.

आजींची पाळी आली. त्यांना आधी काहीच दिसेना. मग सुनेने मागून कोपर धरले. "दिसलं," आजी म्हणाल्या. पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मागे रांग लागली तरी हलेनात. मग म्हणाल्या, "आमच्या चुलीचा धूर असा जातो. वारा नसला म्हणजे."

माळावरून परतताना आजींचा मुलगा आमच्याजवळ हळूच म्हणाला, "आईने मंडपवाल्याला होकार पाठवायला सांगितला." उताऱ्याचे नाव त्याने काढले नाही, आम्हीही काढले नाही.

धूमकेतू नुसता पाहायचा नाही, लिहून ठेवायचा. हॅलेंना जुनी टिपणे सापडली म्हणूनच त्यांना हिशेब लागला. हात लांब करून मूठ आभाळाला लावली तर ती सुमारे १० अंश झाकते. मधली तीन बोटे ५ अंश. करंगळी १ अंश. एवढ्या मापावर काम भागते. तारीख, वेळ, गाव, दिशा, शेंडी किती आणि कुणीकडे, आभाळ कसे होते, हे लिहावे. २०२४ चा हा धूमकेतू आपल्या हयातीत परत येणार नाही. हॅलेचा मात्र २०६१ साली येईल. आपला नंदुरबार जिल्हा झाला त्या १९९८ साली जन्मलेले मूल तेव्हा ६३ वर्षांचे असेल.

आमच्या वर्गाच्या वहीत त्या रात्रीचे टिपण आजींनी लिहिले आहे. अक्षर मोठे आहे आणि एक ओळ तिरकी गेली आहे. ते असे आहे:

ता. २० ऑक्टोबर २०२४. रविवार. वेळ साडेसात. मावळतीला. शुक्राच्या वर. शेंडी तीन बोटं. शेंडी वर. आभाळ साफ.